तांबड्या प्रकाशाची पोच

अंधाऱ्या खोलीत विजेरी पेटवावी आणि तिच्या काचेवर बोटे घट्ट मिटून धरावीत. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या तांबूस उजळतात. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळला असेल. परंतु त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते मोठेपणीही आपण सहसा विचारीत नाही. विजेरीचा प्रकाश पांढरा, म्हणजे सर्व रंग मिळून झालेला. मग बोटांतून पार होऊन येतो तो प्रकाश केवळ तांबडाच का? बाकीचे रंग वाटेत कोठे राहिले? हा पहिला प्रश्न. आणि जो तांबडा प्रकाश बाहेर आला, तो निघाला तेव्हा किती होता व पोचला तेव्हा किती उरला, हा दुसरा.

हे प्रश्न आता केवळ कुतूहलाचे राहिलेले नाहीत. तांबड्या प्रकाशाने रोग बरे करण्याची साधने आज बाजारात सर्रास मिळतात. तोंडावर बांधायचे मुखवटे आहेत, कमरेचे पट्टे आहेत, भिंतीला टांगायच्या दिव्यांच्या पाट्या आहेत. सुरकुत्या, केसांची गळती, सांधेदुखी इथपासून थेट स्मरणशक्तीपर्यंत त्यांचा अधिकार सांगितला जातो. सोबतच्या माहितीपत्रकात एक वाक्य बहुधा असतेच : हा प्रकाश शरीरात 'खोलवर' जातो. खोलवर म्हणजे किती, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते.

मी वैद्य नाही, पदार्थवैज्ञानिकही नाही. माझी उमेद सरकारी कचेरीत गेली. तेथे माणसाला एक सवय जडते. खजिन्यातून रक्कम रवाना झाली, एवढ्यावर समाधान मानायचे नाही. ज्याच्या नावे ती निघाली त्याची पोच आली की नाही, हे पाहायचे. आज तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत मी तेवढेच करणार आहे.

प्रथम रवानगीचा मार्ग पाहू. प्रकाशाच्या लाटांची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटरांचा. जांभळा आखूड लाटांच्या टोकाला, तांबडा लांब लाटांच्या टोकाला. तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सुरू होतात. उपचारासाठी वापरतात तो प्रकाश बहुधा ६३० ते ८५० नॅनोमीटरांच्या आसपासचा, म्हणजे काही तांबडा आणि काही अवरक्त असतो.

हा प्रकाश कातडीवर पडला की त्याला जुन्या काळच्या मालगाडीप्रमाणे नाक्यामागून नाके लागतात आणि प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागते. काही भाग तर पृष्ठभागावरूनच परत फिरतो. मग बाह्यत्वचा लागते. ती जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीची, पण तिच्यात मेलॅनिन नावाचे काळपट रंगद्रव्य असते. ते सर्वच रंगांवर कर बसवते. आखूड लाटांवर जास्त, लांब लाटांवर कमी. तिच्याखाली अंतस्त्वचेत रक्त वाहते. रक्तातले हिमोग्लोबिन निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे मोठे शोषक. तांबड्याला मात्र ते पुष्कळ सवलत देते. विजेरीच्या खेळातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बाकीचे रंग मुख्यतः आपल्या रक्ताने गिळलेले असतात. पुढे लाटांची लांबी हजार नॅनोमीटरांच्या घरात गेली की शरीरातले पाणी शोषणाचे काम हाती घेते. एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला पाणी, यांच्या मधोमध सुमारे ६५० पासून ९५० नॅनोमीटरांपर्यंत एक झरोका मोकळा राहतो. तांबड्या आणि लगतच्या अवरक्त प्रकाशाचे सारे महत्त्व या झरोक्यामुळे आहे.

परंतु झरोका म्हणजे सताड उघडे दार नव्हे. शोषणाखेरीज दुसरी एक अडचण आहे, ती विखुरण्याची. विजेरीवर धरलेले बोट पुन्हा एकदा नीट पाहा. ते उजळते, पण त्यातल्या हाडाची सावली दिसत नाही. प्रकाश सरळ रेषेत पार गेला असता, तर हाड स्पष्ट उमटले असते. दुधाच्या पेल्यात किंवा दाट धुक्यात होते तसेच येथे होते. पेशी, तंतू, त्यांतले सूक्ष्म कण यांवर आपटून प्रकाश क्षणोक्षणी दिशा बदलतो. पुढे जातो, आडवा जातो, मागेही फिरतो. धुक्यात वाट चुकलेल्या माणसासारखे त्याचे चालणे फार आणि पुढे सरकणे थोडे. ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश असाच अडखळत कसा बाहेर पडतो, याचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९५० साली एका ग्रंथात मांडले. त्याच जातीची समीकरणे आज मानवी मांसातून जाणाऱ्या प्रकाशाला लावतात. ताऱ्याच्या पोटातला प्रवास आणि आपल्या बोटातला प्रवास गणिताच्या दृष्टीने सगोत्र निघावेत, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

आता आकडे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघा अमेरिकन वैद्यांनी १९८१ साली मानवी त्वचेच्या प्रकाशगुणांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तो या विषयाचा पाया मानला जातो. गोऱ्या त्वचेत शिरलेल्या प्रकाशाचा ३७ टक्के भाग किती खोलीवर उरतो, हे त्यांनी दिले आहे. ४०० नॅनोमीटरांच्या जांभळ्या प्रकाशासाठी ही खोली मिलिमीटरच्या दशांशाहूनही थोडी कमी; ६०० ला सुमारे अर्धा मिलिमीटर; ७०० च्या तांबड्याला पाऊण मिलिमीटर; ८०० च्या अवरक्ताला सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे जांभळ्याशी तुलना केली तर तांबडा प्रकाश आठपट खोल जातो, हे खरे. परंतु आठपट जाऊनही तो एक मिलिमीटर गाठीत नाही, हेही तितकेच खरे. माहितीपत्रकात पहिले सत्य ठळक असते आणि दुसऱ्याचा उल्लेख नसतो.

त्वचेखालच्या मांसात वाट थोडी सुकर होते. म्हणून उदारपणे असे धरून चालू की दर दोन मिलिमीटरांना ३७ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. पृष्ठभागाच्या आत शंभर रुपये शिरले. दोन मिलिमीटरांवर सदतीस राहिले, चारवर चौदा, सहावर पाच, आठवर दोनांहून कमी आणि एक सेंटीमीटरवर रुपयाहूनही कमी. दोन सेंटीमीटरांवर किती, हा हिशेब केला तर अर्धा पैसाही हाती येत नाही. चक्रवाढ व्याजाने सावकाराची रक्कम जशी भराभर वाढते, तशीच चक्रवाढीने ही घटते. दिवा दुप्पट प्रखर केला तर प्रकाश दुप्पट खोल जाईल, असे पुष्कळांना वाटते. आपल्या या हिशेबात, दिवा दुप्पट केल्याने जेमतेम दीड मिलिमीटर जास्त मजल मारता येते.

येथे कोणी चाणाक्ष श्रोता म्हणेल, 'मग बोटातून पार झालेला प्रकाश आम्ही डोळ्यांनी पाहतो, त्याचे काय?' शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे. गडाला वेढा पडलेला असताना एखादा जासूद निसटून आत शिरला, तर बातमी पोचते. पण म्हणून रसद पोचली, असे कोणी म्हणत नाही. बातमी न्यायला एक माणूस पुरतो. शिबंदीचे पोट भरायला धान्याचे तांडे लागतात. प्रकाशाचेही तसेच आहे. काही उपकरणे त्याच्याकडून केवळ बातमी मागतात. उपचार त्याच्याकडून काम मागतो.

बातमीचे उत्तम उदाहरण २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत घरोघर पोचले : बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिमीटर. त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. एका बाजूने ६६० नॅनोमीटरांचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त प्रकाश सोडायचा. दुसऱ्या बाजूने किती आला ते मोजायचे. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त या दोन रंगांना वेगवेगळी जकात लावतात; त्या फरकावरून रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण कळते. बोटातून पार येणारा प्रकाश अत्यल्प असतो, पण ग्राहक संवेदनशील असल्यामुळे तेवढा पुरतो. अवरक्त प्रकाश कवटीतून आत सोडून मेंदूतल्या रक्ताची खबर घेता येते, हे फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली दाखवले. 'प्रकाश मेंदूपर्यंत जातो' या विधानाला आधार आहे तो असा. तो जासूदाचा आधार आहे, रसदीचा नव्हे.

या ऑक्सिमीटरने आणखी एक धडा शिकवला, आणि तो आपल्या देशाला विशेष लागू आहे. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २०२० साली असे दिसून आले की, रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवावा, हा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिपटीने अधिक घडत होता. पुढच्या वर्षी तेथील अन्न व औषध प्रशासनाने तशी सूचनाही काढली. त्वचेच्या रंगाची जकात तांबड्या प्रकाशालाही चुकत नाही. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत त्वचेच्या किती छटा आपल्याकडे आहेत! गोऱ्या कातडीवर मोजलेली खोली आणि ठरवलेली मात्रा त्या सर्वांना सारखीच लागू पडेल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

आता थोडे इतिहासाकडे वळू. प्रकाशोपचाराच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांच्यापासून होतो. १८९३ साली त्यांनी देवीच्या रोग्यांना तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याचा सल्ला दिला. येथे गंमत अशी की तांबडा प्रकाश काही गुण देतो म्हणून नव्हे, तर तो निरुपद्रवी आहे म्हणून. छायाचित्रकार आपल्या अंधारखोलीत तांबडा दिवा वापरतो त्याच हेतूने. आखूड लाटांचे दाहक किरण फोडांवर पडू नयेत, एवढाच उद्देश होता. तो उपाय मागे पडला; देवी अखेर हटली ती लसीमुळे. फिन्सेन यांची कीर्ती झाली ती दुसऱ्या कामाने. चेहरा विद्रूप करणाऱ्या त्वचेच्या क्षयावर त्यांनी जांभळ्या व जंबुपार, म्हणजे आपण आता अतिनील म्हणतो त्या, किरणांचा एकवटलेला झोत टाकला आणि असंख्य रोगी बरे केले. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामातली माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आपला प्रकाश आत पोचतो की नाही, याची त्यांनी परीक्षा घेतली. कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा कागद ठेवून पुढून प्रकाश सोडला. पाळीत रक्त असताना कागद काळा होईना. काचांत दाबून रक्त बाजूला सारताच तो झटपट काळा झाला. तेव्हापासून रोग्याच्या त्वचेवर स्फटिकाची थंड भिंगे दाबून, रक्त हटवून, मग किरण सोडण्याची पद्धत त्यांनी घातली. वाटेतला नाकेदार ओळखून त्यांनी तो दूर केला.

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईत जन्मलेल्या एका गृहस्थांचे आहे. दिनशहा घडियाली हे अमेरिकेत गेले आणि १९२० साली त्यांनी 'स्पेक्ट्रोक्रोम' नावाचे यंत्र पुढे आणले. यंत्र म्हणजे एक दिवा आणि त्यापुढे सरकवायच्या रंगीत काचा. या रंगाने हा रोग, त्या रंगाने तो, अशी कोष्टके होती. मधुमेहासारख्या खोलवरच्या रोगांचाही त्यांत समावेश होता. हजारो लोकांनी विश्वास ठेवला. १९४७ साली अमेरिकी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. घडियाली यांची बुद्धी किंवा चिकाटी कमी नव्हती. पण रंगीत काचेतून निघालेला प्रकाश स्वादुपिंडापर्यंत पोचतो का, या प्रश्नाला त्या कोष्टकांत जागाच नव्हती.

तांबड्या प्रकाशाच्या आजच्या उपचाराचा धागा मात्र या दोघांहून निराळा आहे. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकापासून पहिला लेसर बनवला. त्याचा प्रकाश ६९४ नॅनोमीटरांचा, गडद तांबडा. पुढे १९६७ च्या सुमारास बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीचे केस भादरून त्यावर असा प्रकाश टाकला. त्यांचा लेसर सौम्य होता. इजा झाली नाही, उलट उजेड पडलेल्या जागी केस अधिक लवकर उगवले. तेथून जखमा भरून येण्यावरचे प्रयोग सुरू झाले. पेशींतल्या तंतुकणिका हा प्रकाश टिपून अधिक जोमाने काम करतात, असा तर्क बराच मान्य आहे. त्याच्या तपशिलाविषयी वाद चालू आहेत. तेव्हा तांबड्या प्रकाशाला काहीच गुण नाही असे म्हणणे, हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल.

मग गुण येतो कोठे? जेथे काम पृष्ठभागालगत असते तेथे. कर्करोगावरील उपचारांमुळे तोंडाच्या आतल्या त्वचेला असह्य व्रण पडतात. ते टाळण्यासाठी काही ठरावीक रुग्णांत हा प्रकाश वापरावा, अशी शिफारस २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आहे. तेथे प्रकाश थेट दुखऱ्या जागेवर पडतो, मध्ये फारसे नाके नाहीत. केसांची मुळे काही मिलिमीटरांवर असतात. केस वाढवण्याच्या लेसर कंगव्याला अमेरिकेत २००७ साली विक्रीची अनुमती मिळाली. इतकेच काय, लक्ष्य पुरेसे उथळ असेल तर तांबडाही लागत नाही. नवजात बाळाच्या काविळीवर आज आपल्या इस्पितळांतून निळा प्रकाश वापरतात, कारण घालवायचे ते पिवळे द्रव्य त्वचेतच हाती लागते.

आणि लक्ष्य खोल असले तर जाणते डॉक्टर काय करतात? काही कर्करोगांत प्रकाशाने जागे होणारे औषध देऊन त्यावर ६३० नॅनोमीटरांचा तांबडा प्रकाश टाकतात. १९९३ साली कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी असे औषध प्रथम मान्य केले. हा परिणाम अर्ध्या ते एक सेंटीमीटर जाडीपर्यंतच होतो, हे ते जाणतात. म्हणून अन्ननलिकेतल्या गाठीसाठी ते छातीवर दिवा धरीत नाहीत. बारीक काचतंतूतून प्रकाश आत, गाठीपाशी नेतात. पोटावर बांधायच्या पट्ट्याची जाहिरात वाचताना ही गोष्ट आठवावी.

मेंदूच्या बाबतीत मोठी परीक्षाही झाली. पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णांच्या केस काढलेल्या डोक्यावर ८०८ नॅनोमीटरांचा लेसर लावून पाहण्यात आला. २००७ सालच्या पहिल्या चाचणीने आशा दाखवली, २००९ सालच्या दुसरीने ती डळमळली आणि तिसरी, सर्वांत मोठी, उपयोग होण्याची शक्यता दिसेना म्हणून २०१२ साली मध्येच थांबवण्यात आली. अपयशाची कारणे अनेक असतील; कवटीपलीकडे पुरेशी मात्रा पोचलीच नसावी, हे त्यांपैकी एक म्हणून अभ्यासकांनी मांडले आहे.

माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी मध्यंतरी गुडघ्यासाठी तांबड्या दिव्यांची पाटी घेतली. निवृत्तिवेतनातून तिचे हप्ते जात होते. त्यांनी मला विचारले, "साहेब, हा उजेड हाडापर्यंत जातो ना?" मी म्हणालो, "अण्णा, बोटाच्या सांध्यापर्यंत बराच जाईल, तो कातडीखालीच आहे. गुडघ्याच्या आत फार थोडा, आणि खुब्याच्या सांध्यापर्यंत जवळजवळ नाही." ते म्हणाले, "पण ऊब लागते, बरे वाटते." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण उबेने बरे वाटणे निराळे. शेकाच्या पिशवीनेही ते वाटते, आणि तिला हप्ते पडत नाहीत. मला काळजी वेगळीच होती. पाटी आल्यापासून अण्णांनी डॉक्टरांकडे जाणे आणि सांगितलेला व्यायाम, दोन्ही सोडले होते.

खरे मोल येथे मोजावे लागते. सौम्य तांबड्या प्रकाशाने सहसा मोठी इजा होत नाही. डोळे सांभाळावेत आणि उजेडाने त्वचा पोळणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे, एवढे पथ्य. नुकसान होते ते त्याच्या भरवशावर हातून निसटलेल्या वेळेचे. मधुमेह्याच्या पायाची जखम, न ओळखलेली गाठ, वाढता संधिवात यांना थांबायला सवड नसते. म्हणून असे साधन घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रकाश किती नॅनोमीटरांचा आहे, ज्या अवयवासाठी घेतो तो कातडीपासून किती खोल आहे, आणि तेथे पोचणाऱ्या मात्रेने गुण येतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसले आहे काय.

श्रोतेहो, फिन्सेन यांचे रोगी पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणा. क्षयाचा जंतू त्वचेत होता तेव्हा त्यांच्या प्रकाशाने तो मारला. तोच जंतू फुप्फुसांत ठाण मांडून बसलेले लक्षावधी लोक त्याच काळात युरोपात आणि आपल्या देशात मरत होते, आणि त्यांच्यासाठी त्या दिव्याचा काही उपयोग नव्हता. जंतू तोच, दिवा तोच. अंतर तेवढे निराळे. ते अंतर ओलांडायला १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनची वाट पाहावी लागली. फिन्सेन १९०४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. आपला दिवा कोठवर पोचतो हे त्यांनी मोजून पाहिले होते, आणि तो पोचत होता तेथे त्यांनी शेकडो माणसांना त्यांचे चेहरे परत दिले.